४के फाईल लहान केल्यावर रंग का उडतात?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्वतःच्या संग्रहातल्या ४के ब्लू-रे डिस्कवरून घेतलेली फाईल ५० ते ८० जीबीची भरते. ती लहान करून टीव्हीवर लावली, की चेहरे फिके आणि पांढरा शर्ट करडा दिसतो. मग ‘कॉम्प्रेशन जास्त झाले’ असे समजून लोक बिटरेट (दर सेकंदाला वापरला जाणारा डेटा) वाढवतात आणि रात्रभर संगणक पुन्हा चालवतात. सकाळी रंग तसेच, कारण चूक बिटरेटची नसतेच.

या डिस्कवरचे चित्र बहुतेक वेळा एचडीआर१० (जास्त उजेड आणि रंग दाखवणारा प्रकार) असते. म्हणजे १० बिट, बीटी.२०२० हा रुंद रंगपट आणि १०,००० निट्सपर्यंत (निट हे उजेडाचे एकक) प्रकाश मोजणारी पीक्यू वक्ररेषा, म्हणजे उजेड आकड्यांत बसवण्याचा नियम. साधा एचडी व्हिडिओ बीटी.७०९ रंगपटाचा, बहुधा ८ बिटचा आणि १०० निट्सच्या आसपासचा पडदा धरून बनवलेला असतो. पीक्यूमध्ये २०३ निट्सचा नेहमीचा पांढरा सिग्नलच्या ५८ टक्क्यांवरच बसतो. टीव्हीने तो साध्या एचडीसारखा वाचला, तर पांढऱ्याचा करडा होणारच. रुंद रंगपटातले आकडे अरुंद रंगपटाचे समजले गेल्याने लाल-हिरवेही मरगळतात.

कोणते आकडे कसे वाचायचे हे फाईलमधल्या प्रायमरीज (रंगपट), ट्रान्सफर (वक्ररेषा) आणि मॅट्रिक्स (रंगांचे गणित) या तीन नोंदी सांगतात. एचडीआर१० साठी त्या ९, १६, ९. साध्या एचडीसाठी १, १, १. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये त्या नावानिशी दिसतात. फाईल १० बिटच राहिली असेल आणि फक्त नोंदी गळल्या असतील, तर पुन्हा एन्कोड करू नका, म्हणजे सगळा व्हिडिओ नव्याने दाबून काढू नका. एमकेव्ही फाईल असल्यास एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅमच्या हेडर एडिटरमध्ये हे तीन आकडे भरले, की बहुधा काम भागते. मात्र आयफोनवर घेतलेल्या एचडीआर चित्रीकरणाला १६ लावू नका. ते सहसा एचएलजी या दुसऱ्या वक्ररेषेचे असते आणि त्याचा ट्रान्सफर १८ आहे. लग्नाच्या चित्रीकरणात फोनचे तुकडे जोडणाऱ्यांनी हे विशेष तपासावे.

एचडीआर ठेवायचे असेल तर हँडब्रेक या फाईल लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एच.२६५ (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) चा १० बिट एन्कोडरच निवडा. आरएफ हा गुणवत्तेचा आकडा १८ ते २२ ठेवा. ८ बिटमध्ये १,०२४ ऐवजी २५६ छटा उरतात आणि पीक्यूला त्या फारच अपुऱ्या. संध्याकाळच्या आकाशात पट्टे उमटतात, ते यामुळेच.

जुन्या टीव्हीसाठी साधा व्हिडिओ हवा असेल, तर टोन मॅपिंगला, म्हणजे एचडीआरचा उजेड साध्या पडद्यात बसवण्याला, पर्याय नाही. एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये क्रम असा ठेवा: झेडस्केल फिल्टरने आधी प्रकाश रेषीय करा, रंगपट बीटी.७०९ वर आणा, मग टोनमॅप फिल्टर (हेबल किंवा मोबियस) लावा आणि शेवटी बीटी.७०९ ची वक्ररेषा व मॅट्रिक्स द्या. हँडब्रेकच्या नव्या आवृत्त्यांत कलरस्पेस फिल्टरमध्ये बीटी.७०९ निवडले तरी चालते. कृपा करून सॅच्युरेशन आणि कॉन्ट्रास्ट वाढवून ‘दुरुस्ती’ करू नका. वक्ररेषाच चुकीची असताना त्वचा भगवी होते, सावल्या बुजतात, आणि ते नुकसान त्या फाईलमधून मग भरून निघत नाही.

चित्र थेट जांभळे-हिरवे दिसले, तर मामला वेगळा. ती डॉल्बी व्हिजन या दुसऱ्या एचडीआर प्रकाराच्या प्रोफाइल ५ ची फाईल असू शकते. तिच्या रंगांची मांडणीच निराळी असते आणि खाली एचडीआर१० चा थर नसतो, त्यामुळे वरच्या तीन आकड्यांनी काही साधत नाही. ब्लू-रेवरच्या प्रोफाइल ७ मध्ये तो थर असतो, म्हणून तिथे ही अडचण सहसा येत नाही.

रंग ठीक, पण काळा धुरकट किंवा सावल्या गडप? मग रेंज, म्हणजे काळ्या-पांढऱ्याची हद्द, पाहा. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो (१० बिटमध्ये ६४ आणि ९४०). एखादा टप्पा ० ते २५५ धरून चालला, की घोळ होतो. डीव्हीडी मोठी करून एचडी बनवतानाही बीटी.६०१ चे (डीव्हीडीचे) मॅट्रिक्स ७०९ मध्ये बदलायला हवे, नाहीतर हिरवे-लाल किंचित सरकतात.

सगळी फाईल लावण्याआधी एका मिनिटाचा नमुना काढा. त्यात अंधारातला प्रसंग, चेहरा आणि उजळ आकाश तिन्ही असू द्या. तो टीव्हीवर आणि संगणकावर पाहून होईपर्यंत मूळ फाईल पुसू नका.

आपला,
एक व्हिडिओ संकलक, ठाणे