पवननगरच्या काकूंना

प्रिय काकू,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते फोनवर सांगायला गेले की तुम्ही "काय मेलं जुनं उकरत बसतेस" म्हणता आणि भावाचं लग्न कुठवर आलं ते विचारायला लागता. समोर बसून बोलणं तर त्याहून अवघड. म्हणून चार लोकांदेखत लिहून टाकते. नातवाकडून वाचून घ्या, आणि मधेच त्याला थांबवू नका.

बाहेरच्या माणसाला नाशिक म्हटलं की रामकुंड आठवतं, काळाराम आठवतो, नाहीतर द्राक्षं. आता तर वाईनही आठवते. आमच्या लहानपणच्या नाशकात यातलं फारसं काही नव्हतं. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, आम्ही जायचो ते पाहुणे आले की. आमचं नाशिक म्हणजे सातपूर, अंबड आणि मधलं सिडको, ज्यात आपलं पवननगर. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, सातपूरला कारखाने आले, पुढे अंबडची वसाहत झाली. तिथे राबणाऱ्या माणसांना राहायला घरं हवीत म्हणून सिडकोने सहा योजनांत हजारो घरकुलं बांधली. कागदावर ते 'नवीन नाशिक' आहे. त्या नावाने रिक्षावाल्याला पत्ता सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आणि माणसं तरी कुठली? धुळे, जळगाव, सटाणा, कळवण, मालेगाव, खाली नगर, मराठवाडा. एका भिंतीला अहिराणी, दुसऱ्या भिंतीला नगरी बोली, आणि भिंत एवढी पातळ की शेजारचं भांडण बोलीसकट पाठ व्हायचं. आडनावं फार कोणाला ठाऊक नसत. मायकोवाले काका, क्रॉम्प्टनवाले, महिंद्रावाले, सिएटवाले. नोटांच्या प्रेसवाले नाशिकरोडला आणि विमानांच्या एचएएलवाले ओझरला, म्हणून ते आमच्या लेखी परगावचे. मुलीसाठी स्थळ पाहताना "मायकोत परमनंट आहे" एवढं वाक्य पुरायचं, पुढची चौकशी नुसती रीत म्हणून. त्या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण चौक अजून मायको सर्कलच आहे.

आमचे पप्पा यातल्या कोणत्याच मोठ्या कंपनीत नव्हते. मोठ्यांना पार्ट पुरवणाऱ्या एका मधल्या कंपनीत ते मशीनवर होते. त्याआधी बरीच वर्षं टेंपररी. २४० दिवस भरले की कायद्याने माणसाचा हक्क लागू होतो, म्हणून ते भरायच्या आत 'ब्रेक' द्यायचा, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा त्याच मशीनवर नव्या कार्डाने उभं करायचं. त्या ब्रेकांतून सुटून ते परमनंट झाले, त्या दिवशी आईने पेढे वाटले होते. तुम्ही ते खाऊन म्हणाला होतात, "आता नाइट शिफ्टपण परमनंट."

झालंही तसंच. आमचं घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकाची अर्धी आणि मागे मोरी. पप्पा सकाळी घरी येऊन झोपायचे तेव्हा आम्हा भावंडांना घरात पाय ठेवायला जागा नसायची. गल्लीत तर चार-पाच घरांत कोणी ना कोणी रात्रपाळी करून झोपलेलं. लहानपणच्या दुपारी लोकांना कैऱ्या आणि विटीदांडू आठवतात. मला आठवतो तुमचा ओटा, आणि तुमची दबकी हाळी, "चूप बठा रे पोरेहो, मानूस झोपेल शे." आख्ख्या गल्लीची पोरं तुम्ही दुपारभर तुमच्या खोलीत घेऊन बसायचात. कोणी गृहपाठ करायचं, कोणी शेंगा निवडायचं, धाकट्यांना तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपवायचात. पंखा एकच, तोही घरघर करणारा. पत्र्याच्या पाटीवरचे भुईमूग भाजायचा वास आणि ती घरघर, यात मी सातवीपर्यंतचा सगळा अभ्यास केला.

शनिवारचं वेगळं होतं. विजेचा भार एकदम येऊ नये म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वार वाटून दिलेले असायचे. पप्पांची सुट्टी शनिवारी आणि माझी रविवारी. त्यामुळे शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते मला सायकलवर पुढे बसवून पांडवलेण्यांवर घेऊन जायचे. वर चढून बसलं की खाली अंबडची सिमेंटच्या पत्र्यांची छपरं दिसायची आणि ते बोट करून सांगायचे, हे अमक्याचं शेड, ते तमक्याचं. लेणी बघायला आम्ही जात नव्हतोच, शेड बघायला जायचो! तिथल्या दहाव्या लेण्यातला लेख मला फार उशिरा, नोकरीला लागल्यावर कळला. त्याचं पुढे सांगते, कारण तो वाचून मला तुम्हीच आठवलात.

मग ती वेळ आली. एका सकाळी कंपनीच्या गेटवर नोटीस लागली, टाळेबंदी. युनियन, कोर्ट, तारखा, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, परत सांगत नाही. सांगायचं ते निराळंच. पप्पांचं शरीर पाळीलाच लागलेलं होतं. काम नव्हतं तरी रात्री त्यांना झोप यायची नाही. ते ओट्यावर बसून राहायचे, पहाटे आत यायचे आणि दिवसा झोपायचे. ते कामावर जात नाहीत हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि तरी काकू, तुम्ही दुपारी दारात उभ्या राहून त्याच आवाजात पोरांना दटावत राहिलात, माणूस झोपला आहे म्हणून. एकदा कोणाच्यातरी मुलाने विचारलं, "पण त्यांची कंपनी तर बंद आहे ना?" त्याच्या पाठीत बसलेला धपाटा मला भिंतीपलीकडून ऐकू आला होता. पप्पांनाही आला असणार. ते जागेच होते.

त्याच महिन्यात तुम्ही आईला रबराचं काम दिलंत. अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपमधून तुम्ही गोण्या आणायचात. साच्यातून निघालेले बारीक रबरी पार्ट, म्हणजे बुश, वायसर, ग्रोमेट, ज्यांच्या कडेला रबराची पातळ झालर राहिलेली असते. वाकड्या टोकाच्या बारीक कात्रीने ती उडवायची. जास्त कापलं तर माल रिजेक्ट, कमी कापलं तरी रिजेक्ट. दर शेकड्यावर. बोटं काळी व्हायची ती रॉकेलनेसुद्धा नीट निघायची नाहीत, आणि घरभर तो गंधकासारखा वास. मोजायची तुमची पद्धत मला तेव्हा जादूच वाटायची. शंभर नग मोजून तागडीत टाकायचे, त्यांचं वजन धरायचं आणि उरलेली गोणी वजनावर. नवीन डिझाइन आलं की पुन्हा शंभर मोजायचे. काकांच्या जुन्या डायरीत प्रत्येक बाईचं पान वेगळं.

तपासायला तुम्ही मला शिकवलंत. नग उजेडाकडे धरायचा आणि अंगठ्याचं नख कडेवरून गोल फिरवायचं. "नखाला लागलं तर गिऱ्हाइकाला लागंल." डोळ्यांना दिसत नाही ते नखाला कळतं. एखादा बुश मी ठीक म्हणून टाकला की तुम्ही नुसत्या बोटाने ढिगातून परत बाहेर काढायचात आणि माझ्यापुढे ठेवायचात, बोलायच्या नाहीत. मी आज अंबडमध्येच क्वालिटीत आहे, टेबलावर मापाचे गेज आहेत, नग मोठा करून दाखवणारा प्रोजेक्टर आहे, तरी रबरी पार्ट हातात आला की आधी नख फिरतं. ऑडिटर बघतात आणि हसतात.

आई तेव्हा म्हणायची, तुम्ही नुसते पैसे पुढे केले असते तर तिने घेतले नसते आणि तुमच्या दारात पुन्हा पाऊलही टाकलं नसतं. तुम्हाला हे न सांगता कळलं होतं. तुम्ही सगळं हिशोबात बसवलंत. आईच्या पानावर जेवढे शेकडे तेवढेच पैसे, वर एक रुपया नाही. आणि एका गोणीत माल खराब निघाला तेव्हा तुम्ही तिचेही पैसे कापलेत. त्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आला होता. आई मात्र त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवली.

भिशीचंही तेच. चिठ्ठी तुमच्या नावाची निघाली. सगळ्या बायका बसलेल्या, चहा चाललेला. तुम्ही म्हणालात, "मला आत्ता घेऊन काय करायचं, मला उन्हाळ्यात लागतील," आणि आईचा नंबर तुम्ही घेतलात, तुमचा तिला दिलात. डायरीत दोघींच्या सह्या. उन्हाळ्यात तुमच्याकडे काहीही कार्य नव्हतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. एकीनेही तोंड उघडलं नाही. त्या पैशांतून शाळेची फी आणि किराण्याची उधारी फिटली.

आता पांडवलेण्यातला तो लेख. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव म्हणून ठेवले, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी. ठेवले कुठे, तर नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या संघांकडे. एका संघाकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्याकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्च व्याजातून. राजाच्या जावयाने मोठी रक्कम ठेवली ती मागावर बसणाऱ्या माणसांकडे, आणि दगडावर कोरली. हे वाचताना मला हसूच आलं. शेकडा, दर, कोणाकडे किती, सगळं तुमच्या डायरीसारखं. तुमच्या अक्षराचा तिरपेपणा तेवढा नव्हता.

दहावीनंतर मी डिप्लोमा मेकॅनिकल म्हणाले तेव्हा आमच्याकडे काय झालं ते तुम्ही भिंतीतून ऐकलंच असेल. "कंपनीत बायका पॅकिंगला असतात," पप्पा म्हणाले, आणि त्यांनी पाहिलेल्या कंपन्यांत ते खरंही होतं. तुम्ही हात पुसत आलात, "भाऊ, तुमच्या पोरीच्या नखातनं जे सुटत नाही ते तुमच्या चेकरच्या गेजातनं सुटतं," एवढंच बोललात आणि दूध उतू जाईल म्हणून परत गेलात. त्यावर वादच झाला नाही. सामनगावच्या शासकीय तंत्रनिकेतनात नंबर लागला. वर्गात मुली बोटावर मोजण्याइतक्या. सिडकोतून नाशिकरोड, तिथून पुढे सामनगाव, म्हणजे पासाचा खर्च आला. तेव्हा शहरातल्या बस एसटीच्या होत्या, लाल. तुम्ही पास काढून दिला नाहीत. तुम्ही मला रविवारी संध्याकाळी गोण्या तोलून डायरी लिहायचं काम दिलंत, आणि त्याची मजुरी नेमकी पासाएवढी ठरवलीत. विद्यार्थ्यांच्या पासाचे दर वाढले त्या महिन्यात मजुरीही वाढली. कारण विचारलं तर म्हणालात, "माल वाढला." माल वाढला नव्हता, काकू. डायरी मीच लिहीत होते.

पप्पांना पुढे दुसरीकडे काम लागलं, कमी पगाराचं. जुन्या कंपनीचं देणं मिळालं ते तुकड्या-तुकड्याने आणि फार उशिरा. आता ते घरी असतात. पेन्शन येते, आकडा विचारू नका. पण २००२ मध्ये स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडायला लागली, तेव्हापासून आईला एक सवय लागली आहे. रस्त्यावरून ती गाडी गेली की ती म्हणते, "यातला एखादा बुश माझ्या हातचा असेल." नसणार, वर्कशॉपचा तो माल कुठे जायचा हे मी नंतर शोधलं आहे. तिला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

गल्ली आता ओळखू येणार नाही. प्रत्येकाने वर मजला चढवला, काहींनी दोन. तुमच्या ओट्याच्या जागी नव्या मालकांची मोटारसायकल असते. शिफ्टच्या वेळी सायकलींची रांग दिसत नाही, कंपन्यांच्या बस येऊन माणसं घेऊन जातात. शहराची बससुद्धा २०२१ पासून सिटीलिंक झाली. तुमच्या चिंचवडला हे सगळं आमच्याआधीच होऊन गेलं असेल म्हणा.

तुम्ही केलंत त्याला मी उपकार म्हटलं तर तुम्ही चिडाल, म्हणून म्हणत नाही. पण आभार मानू द्या. दुपारच्या त्या शांततेसाठी, कापलेल्या पैशांसाठी, न आलेल्या उन्हाळ्यातल्या खर्चासाठी, पासाएवढ्या मजुरीसाठी. मनापासून आभार, काकू.

आणि श्रावणात आपल्या खानदेशी कानबाई देवीचा सण आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी, यंदा मांडणी आमच्या घरी आहे. रोट आई करते, पण खापरावरचे मांडे तिचे अजून फाटतात आणि माझ्याकडून तर होतच नाहीत. खापर तुम्ही जाताना दिलेलंच आहे, जपून ठेवलंय. नातवाला तारीख कळवायला सांगा, मी चिंचवडला गाडी पाठवते. शनिवारी सकाळीच या, म्हणजे पुरण तुमच्या नजरेखाली होईल.

तुमच्या शेजारची,
थोरली