तिबेटची रेल्वे आणि तिबेटची माणसं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला तिबेटच्या रेल्वेवरचा लेख दोनदा वाचला. गोलमुड ते ल्हासा १,१४२ किलोमीटर, त्यातले ९६० किलोमीटर चार हजार मीटरच्याही वर, तांगुला खिंडीत ५,०७२ मीटर उंची, डब्यात प्राणवायूची सोय. ज्यांनी हे बांधलं त्यांचं कौतुक आहेच. पण एवढ्या मोठ्या लेखात तिबेटी माणूस एकदाही भेटला नाही, म्हणून हे पत्र.

रेल्वेचं मोल बीडकराला सांगावं लागत नाही. अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि बीडहून पहिली प्रवासी गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्या दिवशी मी फलाटावर होतो. शेजारी एक म्हातारी डब्याच्या पत्र्यावरून हात फिरवत होती, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. तेव्हा रेल्वेच नको, असं मी कधीच म्हणणार नाही. ल्हासाच्या आजारी माणसालाही गाडी हवीच. खुद्द दलाई लामांनीही रेल्वेला सरसकट विरोध केलेला नाही. तिचा वापर तिबेटची लोकवस्ती बदलायला होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

आमची तीस वर्षं रखडण्यात गेली, पण त्या तीस वर्षांत आम्ही मोर्चे काढले, धरणं धरली, प्रत्येक निवडणुकीत उमेदवाराला रेल्वेचं काय झालं म्हणून विचारलं. जमिनीचा मावेजा कमी वाटला तर शेतकरी कोर्टात गेला. तिबेटच्या रुळांखालून चिरू हरणांना जायला वाटा ठेवल्या आहेत, हे चांगलंच झालं. पण तिथल्या याकवाल्याला 'माझ्या कुरणातून नको' म्हणत रस्त्यावर बसायची मुभा होती का? हा प्रश्न लेखात यायला हवा होता.

दुसरं असं की आमच्याकडून गाडी माणसं बाहेर घेऊन जाते. ऊसतोडीला, पुण्याच्या कंपन्यांत, कुठं कुठं. तिबेटात ती बाहेरची माणसं आत आणते. चीनच्याच जनगणनेत तिबेट स्वायत्त प्रदेशातले हान, म्हणजे चीनमधले बहुसंख्य असलेले लोक, २००० साली सुमारे सहा टक्के होते, २०२० मध्ये बारा टक्क्यांवर गेले. सगळं रेल्वेनेच केलं असं नाही, रस्ते आणि सरकारी योजनाही आहेत. तिबेटी अजून ८६ टक्के आहेत, हेही खरं. पण दुकान कोणाचं, ठेका कोणाचा, नोकरीला भाषा कोणती लागते, हे टक्केवारीत दिसत नाही.

दर हिवाळ्यात आमच्या गावात तिबेटी स्वेटरवाले येतात. त्यातल्या एका बाईंकडून मी बरीच वर्षं मफलर घेतो. त्यांचा जन्म कर्नाटकातल्या मुंडगोडच्या वसाहतीतला. ल्हासा त्यांनी पाहिलेलं नाही. मागच्या थंडीत मी त्यांना मोबाइलवर ल्हासा स्टेशनचा फोटो दाखवला. त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला, इमारतीवरची तिबेटी अक्षरं हळूच वाचली आणि म्हणाल्या, "भाईसाब, ही अक्षरं मी मुंडगोडच्या शाळेत शिकले. तिथली लेकरं शाळेत चिनी शिकतात." मग गिऱ्हाईक आलं, बोलणं तिथंच राहिलं.

घरी येऊन शोधलं. २०२१ साली चीनने अल्पसंख्याकांच्या भागातल्या बालवाड्यांतूनही चिनी भाषा सक्तीची केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी सांगितलं की सुमारे दहा लाख तिबेटी मुलं घरापासून दूर निवासी शाळांत आहेत आणि तिथलं शिक्षण मुख्यतः चिनीतून चालतं.

मराठवाड्याला हे समजायला जड जाऊ नये. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून हैदराबादला जाणारी रेल्वे निजामाच्या राज्यातच आली. गाडी आली, पण वरच्या वर्गांची शाळा, कचेरी, कोर्ट सगळं उर्दूत. माझे वडील त्या शाळेत शिकलेले. भागाकाराला ते मरेपर्यंत 'तकसीम' म्हणत. उर्दू गोड भाषा आहे, माझा तिच्यावर राग नाही. पण निजामकाळातला जमिनीचा कागद वाचायला आजही उर्दू जाणणारा शोधावा लागतो, आणि ज्याची जमीन आहे तो शेजारी नुसता बसून राहतो.

ल्हासापासून न्यिंगचीपर्यंत २०२१ साली आणखी ४३५ किलोमीटर रूळ गेले, पार अरुणाचलच्या अंगाला. या मार्गांवर आपण पुन्हा लिहालच. तेव्हा एक विनंती आहे. नोव्हेंबरात स्वेटरची दुकानं मांडली जातील. आपल्या वार्ताहराला तासभर तिथं बसायला पाठवा. त्या बाई बोलतील, फक्त दुपारी जावं, संध्याकाळी गर्दी असते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बीड