डॉक्टर मॅडम, त्या कोऱ्या गोलाबद्दल

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

आम्ही तुमच्या लक्षात असू असं वाटत नाही. तुमच्या ओपीडीत दिवसाला किती नाकं येत असतील! मानवतकडून आलो होतो. बारा वर्षांचा पोरगा, शर्टाच्या खिशापर्यंत रक्ताचे डाग, आणि दाराशी उभं राहून तंबाखू थुंकायला जागा शोधणारा त्याचा बाप. सोबत मी.

लेकराचा घोळणा तिसऱ्या वर्षापासून फुटतोय. कांदा फोडून हुंगवला, टाळूवर पाण्याची धार धरली, दूर्वांचा रस नाकात सोडला. एका डॉक्टरानं तीनदा नाक आतून जाळलं. दर वेळी महिनाभर बरं, मग पहिल्यापेक्षा जास्त. दुसऱ्यानं रक्त तपासलं. प्लेटलेट बरोबर, रक्त गोठायचा वेळ बरोबर. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "नाकात बोटं घालतंय. आईचं लक्ष नसतं." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस लेकरं सांभाळते, मॅडम. त्या दिवशी एसटीत बसून रडले.

घरातला निकाल तर त्याच्याही आधी लागला होता. दिवस गेलेले असताना मी तीळ-गूळ खाल्ला, अंगात उष्णता केली, म्हणून पोराला हे. गंमत म्हणजे नवऱ्याचाही घोळणा फुटतो, लहानपणापासून. पण त्याचं काय, गड्याचं रक्त गरमच असतं म्हणे!

तुम्ही पोराच्या नाकात बघितलं, बोटांची टोकं उजेडात धरून बघितली, आणि मग दाराकडं वळून म्हणालात, "दादा, तुम्ही पण या इकडं. जीभ दाखवा."

नवऱ्याच्या खालच्या ओठावर आणि जिभेच्या शेंड्यावर लाल ठिपके आहेत, मोहरीच्या दाण्याएवढे. पंधरा वर्षं मी ते बघतेय. तंबाखूच्या चुन्यानं पोळलंय असंच धरून चालले होते. तुम्ही काचेची पट्टी त्यावर दाबली, ठिपके फिके पडले. उचलली, परत लाल. "हे फोड नाहीत, ह्या रक्तवाहिन्या आहेत," म्हणालात. नऊ वर्षांत लेकराच्या बापाचा ओठ बघावा असं कुणाला सुचलं नव्हतं.

मग जायकवाडीचा कालवा काढलात. कालव्याचं पाणी चारीत, चारीतून पोटचारीत, तिथून सरीत; वाटेत जोर कमी होत जातो. अंगातही धमनी आणि शीर यांच्या मध्ये केसाहून बारीक वाहिन्या असतात. ह्यांच्यात काही ठिकाणी त्या मधल्या चाऱ्याच तयार होत नाहीत, कालवा थेट नाल्याला जोडलेला. पाण्याला जोर पुरा आणि काठ पातळ, फुटणारच. रक्तात खोट नाहीच, म्हणून रक्ताचे रिपोर्ट चांगले येत होते. हे माझ्या नवऱ्याला एका दमात कळलं. नऊ वर्षं नाही कळलं ते.

आजाराचं नाव लांबलचक, एचएचटी म्हणायचं. पाच हजारांत साधारण एकाला असतो. रेंदू नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८९६ मध्येच लिहून ठेवलाय, हे मी नंतर वाचलं तेव्हा रागच आला. आमच्यापर्यंत पोचायला त्याला सव्वाशे वर्षं लागली.

पण हे पत्र ज्यासाठी लिहितेय ते वेगळंच. तुम्ही केसपेपर उलटा केलात आणि मागच्या कोऱ्या बाजूला आमचं घराणं काढलंत. गडीमाणूस चौकोन, बाईमाणूस गोल. पोराचा चौकोन भरला, बापाचा भरला. मग सासूबाईंचं विचारलंत. नवरा आधी गप्प बसला. मग म्हणाला, माय नाकाला फडकं बांधून भाकरी थापायची, कायम पांढरीफटक असायची, आणि एक दिवस अंगावरून वारं गेलं. तुम्ही काही न बोलता तो गोलही भरलात. राहिला माझा. पेन तिथं ठेवून तुम्ही माझ्याकडं बघितलं आणि म्हणालात, "हा तुमचा. हा कोरा आहे."

एवढंच. पुढच्या पेशंटला आवाजही दिलात.

नवरा बाहेर बाकावर बराच वेळ बसून होता. नंतर रिपोर्टही तसाच आला. नवव्या गुणसूत्रावरचं एंडोग्लिन नावाचं जनुक, त्यात एका जागी चूक, बापात आणि लेकात तीच. दोन प्रतींतली एक बिघडली तरी पुरतं. प्रत्येक लेकरात उतरायची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. 'वाण नाही पण गुण लागला' म्हणतात, इथं वाणच लागला होता. नवऱ्याला तुम्ही हेही सांगितलंत की दादा, चूक तुमचीही नाही, तुम्ही कुठं मागून घेतलंय. ते सांगितलंत म्हणून बरं झालं. नाहीतर आमच्याकडं एकाच्या डोक्यावरचं गाठोडं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं, खाली कुणी ठेवत नाही.

लेकराच्या फुप्फुसात कालवा थेट नाल्याला जोडलेली अशी एक वाट सापडली होती, ती तारेचं वेटोळं बसवून बंद झाली. दात काढायचा झाला तर आधी अँटिबायोटिक घ्यायचं, ही तुमची चिठ्ठी कपाटाच्या दारावर चिकटवलीय. नाक अजून फुटतं, पण कमी. आता नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब रोज तोच स्वतः घालतो.

चांगली माणसं याआधी भेटली नाहीत असं नाही. पाथरीच्या पुढं एसटीत लेकराचं रक्त थांबेना, तेव्हा कंडक्टरनं आपल्या गळ्यातला पंचा दिला होता. नाव नाही विचारलं मी. परत द्यायला दोनदा त्याच गाडीला गेले, तो नव्हता. धुऊन ठेवलाय.

तो केसपेपर सातबाऱ्याच्या फायलीत आहे. जाऊबाईंनी परवा तिळाचं परत काढलं, तेव्हा नवरा उठला, फाईल आणली आणि कागद त्यांच्यापुढं धरला. बोलला काहीच नाही.

धाकटीचा गोल तुम्ही पेन्सिलीनं काढलाय, आत प्रश्नचिन्ह. संक्रांतीनंतर तिला तपासायला घेऊन येते. येताना हुरडा आणीन, वावरातला आहे, नाही म्हणू नका.

आपली,
कोऱ्या गोलातली बाई