गढूळ बिअरबद्दल बाळ्याला

मालवण, जून

प्रिय बाळ्या,

काय रे, बरो आसस मा? तू घरी केलेल्या गढूळ बिअरचा फोटो बघून आई म्हणाली, ही तर माडी! पण एवढ्यावरून सगळी मोरीत ओतू नकोस. मी पुण्यात ब्रुअरीत काढलेली वर्षं तुझ्या तरी उपयोगी पडू देत.

थंडगार ग्लास तासभर टेबलावर नुसता ठेव. गारवा उतरल्यावर बिअर नितळ झाली, तर हा थंडीचा गढूळपणा. माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली प्रथिनं आणि माल्ट व हॉप्स (कडवटपणासाठी घालतात ती फुलं) यांतली पॉलिफेनॉल्स, म्हणजे तुरट द्रव्यं, थंडीत एकमेकांना धरतात, ऊब लागली की सोडतात. चवीला काही होत नाही. बाटल्या दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये उभ्या ठेव, बराचसा साका तळाला बसेल. पुढच्या खेपेला उकळी संपायला 15 मिनिटं राहिली की आयरिश मॉस टाक, ते एक वाळवलेलं समुद्री शेवाळच आहे. आणि उकळलेला माल्टचा काढा झटपट गार कर. रात्रभर झाकून आपोआप निवू देणं मला मुळीच पसंत नाही.

ऊब लागूनही गढूळच राहिली, तर यीस्ट नाहीतर स्टार्च. माल्ट गरम पाण्यात मुरत असताना त्यातला थेंब पांढऱ्या बशीत घेऊन वर आयोडीनचा थेंब सोड. निळा-काळा रंग आला, तर स्टार्च शिल्लक आहे. 65-67 अंशांवर अजून मुरू दे. बशीतलं मात्र फेकून दे, परत भांड्यात नको! यीस्टचं म्हणशील तर काही जाती लवकर बसतच नाहीत. गव्हाच्या बिअरची तर गढूळच असायची रीत. तू गहू घातलास का, ते लिहिलंच नाहीस.

तुमच्याकडे इंग्लंडात बिअर नितळ करायला आयसिंग्लास मिळेल, म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. इथे घोळ मासळी सापडली की व्यापारी त्या पिशवीसाठीच धावतात, तिचा हाही एक उपयोग. पण ते गारच ठेवायचं, उष्णतेने वाया जातं.

आंबट वास, बाटलीच्या मानेशी कडं, झाकण काढताच फसफसून वर येणं, असं काही दिसलं तर मात्र ओतून टाक. ती बिअर नासली.

मला इथे करून बघायची सोय नाही, 1949 चा दारूबंदी कायदा आहे. तुम्हा इंग्लंडवाल्यांची घरी बिअर करायच्या परवान्याची कटकट 1963 सालीच गेली. बोटी 1 तारखेपासून किनाऱ्यावर ओढल्यात, त्यामुळे घरात सध्या सुक्या बांगड्यावर भागतंय.

यीस्टच्या पाकिटावर काय छापलंय ते कळव.

तुझा,
भाई