पाण्याच्या हिशेबासाठी: काकाजींना अनावृत आभारपत्र

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाल्यावर आपण शेतीकडे लक्ष देणार होता, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. तरीही आमच्या प्रादेशिक नळ योजनेचे कागद वाचण्यासाठी आपण आपला वेळ दिला, त्याबद्दल गावातील नळजोडणीधारकांच्या वतीने मी हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर ठेवते आहे, कारण आपण शिकविलेली रीत याच योजनेवरील इतर गावांनाही उपयोगी पडेल.

पूर्णा नदीच्या दोन्ही काठांच्या खारपाणपट्ट्यात विहीर खोदून किंवा बोअर मारून पिण्याच्या पाण्याची सोय होत नाही, कारण जमिनीखालचे पाणीच खारे आहे. म्हणूनच अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील कितीतरी गावे सातपुड्याच्या पायथ्याच्या वान, शहानूर यांसारख्या धरणांवरून येणाऱ्या सामाईक योजनांवर विसंबून आहेत. जलशुद्धीकरण केंद्र एक, मुख्य जलवाहिनी एक, वीजबिल एक आणि गावे अनेक, अशी ही व्यवस्था असल्यामुळे नळ कोरडा पडला की जाब कोणाला विचारायचा हेच कळेनासे होते. ग्रामपंचायत वरच्या कार्यालयाकडे बोट दाखवते, ते कार्यालय विजेच्या थकबाकीकडे, आणि थकबाकी कोणाची असे विचारले तर ती सगळ्याच गावांची म्हणून सांगितली जाते. नियमाने पाणीपट्टी भरणाऱ्या घराला याहून मोठा अन्याय नाही.

आपण आमचा पहिला अर्ज वाचलात आणि बाजूला ठेवलात. ‘पाणी का येत नाही’ असा प्रश्न माहिती अधिकारात विचारला तर कारणे देण्यास माहिती अधिकारी बांधील नसतो, मात्र दप्तरी असलेला कागद मागितला तर तो त्याला द्यावा लागतो, हे आपण समजावून सांगितले. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 2 मधील ‘माहिती’च्या व्याख्येत लॉगबुकाचा स्पष्ट उल्लेख आहे, हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते. मग आपण सांगितलेत तसे आम्ही पंपगृहाचे लॉगबुक, आमच्या जलकुंभाकडे येणाऱ्या वाहिनीवरील मीटरच्या नोंदी आणि गावनिहाय मागणी-वसुलीचा तक्ता मागितला. मुदतीच्या 30 दिवसांत निम्मेच कागद आले. उरलेल्यांसाठी कलम 19 खाली पहिले अपील कसे करायचे, तेही आपणच दाखविलेत.

ते कागद समोर मांडून आपण जे करवून घेतलेत, त्याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज किमान 55 लिटर पाणी धरलेले आहे, त्याला गावच्या लोकसंख्येने गुणून आपण आमच्या हक्काचे पाणी काढलेत आणि मीटरच्या नोंदींशी ताडून पाहिलेत. बचत गटातील महिलांनी स्वतः लॉगबुकातील पंपिंगचे तास तारीखवार उतरविले. त्यातून वीज नव्हती ते दिवस वेगळे पडले, आणि वीज असून, पंप पूर्ण वेळ चालूनही शेवटच्या टोकाच्या आमच्या जलकुंभात पाणी चढले नाही ते दिवसही वेगळे पडले. पहिल्या दिवसांचा जाब वीजबिलाकडे जात होता, तर दुसऱ्यांचा जाब मुख्य वाहिनीवरील गळती, व्हॉल्व्ह आणि अनधिकृत जोडण्या यांच्याकडे. तोवर आम्ही ही दोन्ही गाऱ्हाणी एकाच अर्जात कोंबत होतो आणि म्हणून उत्तरही एकच मिळत होते.

गावनिहाय तक्ता मात्र आमच्यासाठी कठीण ठरला. घरोघरी पावत्या असूनही योजनेच्या दप्तरी आमचे गाव थकबाकीदार होते. आपण ग्रामपंचायतीचा नमुना 9 (कर मागणीची नोंदवही), पावत्यांची स्थळप्रत असलेला नमुना 10 आणि बँकेचे पुस्तक शेजारी शेजारी ठेवलेत, तेव्हा वसूल झालेल्या पाणीपट्टीतील बराच पैसा दिवाबत्ती आणि इतर खर्चाकडे वळल्याचे दिसले. काही जणांनी ही गोष्ट गावातच ठेवावी, आधी वरच्या कार्यालयाला धारेवर धरावे, असा आग्रह धरला. आपण शांतपणे नकार दिलात आणि ग्रामसभेत आधी गावाचाच हिशेब वाचण्यास लावलेत. त्या सभेत आवाज चढले, आपल्यालाही दोन शब्द ऐकावे लागले, आणि त्याबद्दल गावाच्या वतीने मी मनापासून दिलगिरी व्यक्त करते. परंतु त्याच सभेत पाणीपट्टीचे पैसे केवळ पाणीपुरवठ्याच्या खात्यात ठेवण्याचा ठराव झाला, आणि आता महिन्याची वसुली व योजनेकडे केलेला भरणा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला जातो. शेजारच्या गावातील मंडळी तो फलक पाहून गेली आणि त्यांनीही आपल्या सचिवांकडे तशीच मागणी केली आहे.

काम अद्याप पुरे झालेले नाही. गावांच्या प्रतिनिधींच्या शिखर समितीची इतिवृत्ते आम्हांला मिळालेली नाहीत, त्यामुळे कोणत्या गावाला किती वेळ पाणी सोडायचे हे कोण आणि कशाच्या आधारे ठरविते, ते अजून कागदावर दिसत नाही. त्यासाठीच्या अपिलाचा मसुदा या वेळी आम्हीच तयार केला आहे. कापसाची वेचणी आटोपल्यावर आपल्याला सवड झाली की तो एकदा नजरेखालून घालावा, आणि त्यातील चुका नेहमीसारख्या लाल शाईने दाखवाव्यात, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
योजनेच्या शेवटच्या टोकावरील गावची एक नळजोडणीधारक