बंदराच्या मॉडेलमध्ये जहाज शेवटी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हिवाळा लागला की तालुक्या-तालुक्यांत विज्ञान प्रदर्शने भरतात आणि त्यात रेल्वेच्या मॉडेलला हमखास एक टेबल मिळते. अलीकडे त्या टेबलावर कंटेनर बंदर दिसू लागले आहे. त्यात नवल नाही. नागपूरला अजनीचा कंटेनर डेपो आहे, सिंदी (रेल्वे) येथील ड्रायपोर्टची, म्हणजे समुद्रापासून दूर आतल्या भागातल्या कोरड्या बंदराची, चर्चा आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत आणि एकेकाळी यवतमाळच्या शकुंतला या छोट्या गाडीच्या डब्यांतून मूर्तिजापूरला उतरणारा आपला कापूस आता कंटेनरच्या पेटीत बंद होऊन न्हावा-शेवा बंदराच्या वाटेला लागतो. खटकते ते एवढेच, की अर्धे टेबल निळे पाणी आणि थर्माकोलचे जहाज खाऊन टाकते आणि गाडी बिचारी तीन डब्यांनिशी कडेकडेने गोल फिरत राहते. हे पत्र अशी मॉडेले करणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आहे. रेल्वे मॉडेलमध्ये बंदर आखताना आधी रुळांची लांबी ठरवावी, मग क्रेनचा पसारा, मग पेट्यांच्या थप्प्या. जहाजाला उरेल तेवढीच जागा द्यावी.

याचे कारण मापात आहे. छंदात दोन मापे जास्त चालतात. एचओ म्हणजे मूळ वस्तूच्या ८७ पट लहान, रुळांमधले अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १६० पट लहान, अंतर ९ मिमी. आपल्या १६७६ मिमीच्या ब्रॉडगेजला एचओत खरे तर १९.३ मिमी हवेत. पण तयार रूळ परदेशी स्टँडर्ड गेजच्या (ब्रॉडगेजहून अरुंद) हिशेबाचा असतो. तो फरक पोटात घालावा, रूळ घरी ओढत बसू नये. चाळीस फुटी पेटी एचओत १४० मिमी लांब, २८ मिमी रुंद आणि साधारण ३० मिमी उंच येते, एनमध्ये ७६, १५ आणि १६ मिमी. वीस फुटी पेटी लांबीला निम्म्याहून किंचित कमी, कारण दोन विशी एका चाळिशीच्या जागेत बसवायच्या तर मध्ये फट लागते. आजच्या बऱ्याचशा चाळीस फुटी पेट्या साडेनऊ फूट उंचीच्या, म्हणजे हाय क्यूब असतात. त्यांच्या वरच्या कोपऱ्यांवर पिवळे-काळे पट्टे हवेत.

आता जहाज. पनामा कालव्याच्या जुन्या जलपाशांत (जहाज वर-खाली करणाऱ्या दारबंद कुंडांत) मावणारे जहाज २९४ मीटर लांब आणि ३२.३ मीटर रुंद. एचओत ते ३.३८ मीटर होते, म्हणजे खोलीच संपली. चारशे मीटरचे आधुनिक जहाज एनमध्येसुद्धा अडीच मीटर, प्लायच्या आठ फुटी पाटापेक्षा लांब. क्रेनचेही तेच. धक्क्यावरच्या मोठ्या क्रेनच्या दोन पायांतले अंतर सर्रास ३०.४८ मीटर असते. एचओत ते ३५० मिमी, एनमध्ये १९०. जहाजावर झुकणारा हात पन्नास मीटरचा धरला, तर एचओत आणखी ५७५ मिमी.

आठ बाय चारचा १२ मिमी प्लाय मधोमध चिरून मिळणारी २४४० बाय ६१० मिमीची फळी धरू. एचओत पुढच्या कडेला रस्ता ६० मिमी, दोन रूळ आणि तीन ओळी थप्प्यांवर फिरणारी रुळांवरची गॅन्ट्री क्रेन (दोन्ही बाजूंना पाय आणि वर आडवी तुळई असलेली) २०० मिमी, मागे टायरवर चालणाऱ्या क्रेनखालचा गठ्ठा (सहा ओळी आणि ट्रकची एक वाट, खऱ्यात साडेतेवीस मीटर) २७० मिमी. झाले ५३०. उरलेल्या ८० मिमीत धक्काही मावत नाही. म्हणून एचओ करणाऱ्याने धक्क्यावरची क्रेन आणि जहाज मागच्या पडद्यावर पुठ्ठ्याच्या उठावात दाखवावे. एनमध्ये हेच हिशेब ३५, ११०, १४७ आणि धक्क्याचे १९० असे येतात. अधेमधे २० मिमी मोकळे सोडले तरी शंभरेक मिमी शिल्लक राहतात. त्यात जहाज लांबीत उभे चिरून अर्धे बसते. बघणारा जमिनीकडून बघतो, धक्क्याकडची बाजू तेवढी त्याला दिसते, पलीकडची बाजू करायचीच नाही. लांबीतही कात्री लावा. जहाजाचा राहण्याचा मनोरा आणि मागचा भाग मीटरभर दाखवावा, पुढचे नाक गोदामाच्या आड जाऊ द्यावे. आमचे मत विचाराल तर बंदरासाठी एन, आणि अजनीसारख्या आतल्या डेपोसाठी एचओ. डेपोत धक्काही नाही आणि मोठी क्रेनही नाही. एक रीच स्टॅकर (लांब हाताने पेटी उचलणारी टायरची गाडी) ठेवला तरी काम दिसते.

रुळांच्या आखणीत सगळ्यात मोठी चूक इथे होते. कंटेनरची खरी रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, पंचेचाळीस वॅगनची, त्यातही पाच-पाचचे संच. लांबी सहाशे मीटरच्या वर, एचओत सात मीटरहून जास्त. ती कोणाच्याच घरात मावत नाही, म्हणून संच मोजून कापावी. एनमध्ये दोन संच, म्हणजे दहा वॅगन, सुमारे ८८ सेंमी. एचओत एकच संच, सुमारे ८० सेंमी. क्रेनखालची लाइन जितकी, तितकीच लाइन सांध्याबाहेर (जिथे एका लाइनीला दुसरी फुटते त्याच्या पलीकडे) मोकळी लागते, तीही इंजिनाची लांबी धरून. ती नसेल तर रिकामे डबे बाहेर काढता येत नाहीत आणि गाडी क्रेनखाली अडकून पडते. प्रदर्शनात मग हाताने उचलाउचल सुरू होते. वळणाची त्रिज्या एचओत किमान ६० सेंमी, एनमध्ये ३० सेंमी ठेवावी. त्याहून घट्ट वळणात लांब सपाट वॅगनचे कोपरे एकमेकांना लागतात.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. क्रेनखालच्या लाइनवर विजेची तार नसते. पेटी वरून उचलायची म्हटल्यावर तार कुठून असेल? विजेचे इंजिन गाडी अलीकडच्या लाइनपर्यंत आणते आणि डिझेल इंजिन ती आत ढकलते. म्हणून तारेचे खांब क्रेनच्या आधीच संपवावेत आणि डिझेल इंजिनासाठी एक आखूड लाइन द्यावी. मॉडेल चालवायला खरी गंमत याच अदलाबदलीत आहे. दोन मजली गाडी दाखवायची हौस असेल तर पश्चिमेचा मालवाहू कॉरिडॉर (फक्त मालगाड्यांचा वेगळा मार्ग) दाखवावा. तिथे तार साडेसात मीटरवर आहे, एचओत ८६ मिमी. जमिनीपासून साधारण एक मीटर उंच तळ आणि त्यावर दोन हाय क्यूब मिळून ६.८ मीटर, म्हणजे ७८ मिमी. पूल आणि बोगदे त्याप्रमाणे मोजून घ्यावेत. नेहमीच्या उंचीच्या तारेखालून नेहमीच्या पेट्यांची दुमजली गाडी जात नाही, त्यामुळे विदर्भातला प्रसंग असेल तर एकमजलीच बरी.

वजनाकडे दुर्लक्ष केले की गाडी घसरते. रिकामी सपाट वॅगन फार हलकी असते, त्यामुळे मागून ढकलताना ती सांध्यावर उचलली जाते. अमेरिकन मॉडेल संघटना एनएमआरए हिची शिफारस आहे की एचओत एक औंस आणि वर लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. १६० मिमीच्या वॅगनला ते सुमारे ११८ ग्रॅम होते. एनमध्ये ८८ मिमीच्या वॅगनला जवळपास ३० ग्रॅम. वजन पेटीत भरू नका. पेटी उतरवली की वॅगन पुन्हा हलकी होते, आणि पेटी वर असताना भार उंचावर गेल्याने वळणावर कलंडते. वेल्डिंगच्या दुकानातली लोखंडी पट्टी किंवा शिशाचे पान तळाच्या खाली, दोन बोग्यांच्या (चाकांच्या गाड्यांच्या) मधे चिकटवा. मोजायला किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो.

पेट्या दोन प्रकारे कराव्यात. गाडीवरच्या पोकळ, पुठ्ठ्याच्या. थप्पीतल्या भरीव, लाकडाच्या. सुताराकडे सागाच्या कतरणी पडलेल्याच असतात. एचओसाठी २७.५ बाय २९.३ मिमीची पट्टी रंधून १३९.५ मिमीचे तुकडे कापून घ्या, पाव मिमीचा छापील कागद गुंडाळला की माप बरोबर येते. पट्टी नेमकी २८ मिमीची घेतली तर कागदासकट पेटी जाड होते आणि दहा पेट्यांच्या ओळीत अर्धा सेंमी वाढतो, मग क्रेनचा पाय थप्पीला घासतो. पत्र्याच्या नागमोडी घड्या एचओत सुमारे ३ मिमी अंतरावर आणि अर्ध्या मिमीहून कमी खोल असतात. मागच्या ओळींना छापलेली सावली पुरते, पुढच्या ओळीलाच घड्यांचा पत्रा लावावा.

थप्पी रचण्याचेही नियम आहेत. दोन विशींवर चाळिशी चालते, चाळिशीवर विशी चालत नाही, कारण चाळिशीच्या छताच्या मध्यावर भार झेलणारे कोपरेच नसतात. मुलांच्या मॉडेलमध्ये ही चूक दर चौथ्या थप्पीत सापडते. टायरच्या क्रेनखाली भरलेल्या पेट्या चार-पाच उंच, रिकाम्यांचा गठ्ठा वेगळा आणि त्याहून उंच. सगळ्या थप्प्या सारख्या उंच केल्या तर मागचे जहाज झाकले जाते आणि भिंत बांधल्यासारखे दिसते. एका ओळीतली दारे शक्यतो एकाच दिशेला ठेवा. रंगांचा कमी-जास्तपणा सांभाळा. गंजट तपकिरी सर्वाधिक, मग जहाज कंपन्यांचे रंग, म्हणजे मर्स्कचा फिकट राखाडी, हॅपाग-लॉइडचा नारिंगी, एव्हरग्रीनचा हिरवा आणि ओएनईचा भडक किरमिजी एखाद-दुसराच.

हौशी मुलाला पुढच्या पेट्यांवरचा क्रमांकही खरा करता येतो. चार अक्षरे, सहा आकडे आणि चौकटीतला सातवा. हा सातवा आकडा आधीच्या दहांवरून ठरतो. अक्षरांना ए १०, बी १२, सी १३ अशा किमती देतात, ११ आणि तिच्या पटी (२२, ३३) वगळून. पहिल्या जागेला १, दुसरीला २, तिसरीला ४ असे दुप्पट होत दहावीला ५१२ ने गुणायचे, बेरजेला ११ ने भागायचे आणि बाकी लिहायची. सीएसक्यूयू ३०५४३८ ची बेरीज ६१८५ येते, बाकी ३, म्हणून चौकटीत ३. बाकी १० आली तर ० लिहितात. गणिताच्या शिक्षकांना प्रदर्शनात याहून चांगला प्रश्न मिळायचा नाही. खालच्या ओळीत २२जी१ म्हणजे साधी विशी, ४५जी१ म्हणजे हाय क्यूब चाळिशी. खऱ्या पेटीवर ही अक्षरे किमान १०० मिमी उंच असतात. एचओत ती १.१५ मिमी होतात, लेझर प्रिंटरवर जेमतेम वाचता येतात. एनमध्ये नुसती रेघ दिसते, तिथे हा खटाटोप करू नये.

क्रेन चालवण्याच्या मोहात बहुतेक मॉडेले अर्धवट राहतात. चुंबक पेटी उचलतो, पण सोडत नाही. विद्युतचुंबक सोडतो, पण सतत चालू ठेवला तर तापतो. शिवणाचा दोरा तुसाळ दिसतो आणि हलक्या स्प्रेडरने (पेटी वरून धरणाऱ्या चौकटीने) ताणला जात नाही. दोऱ्याला मेणबत्ती घासा आणि स्प्रेडरमध्ये ३०-४० ग्रॅम शिसे भरा, चारही दोरे सरळ उतरतील. आमच्या मते क्रेन स्थिर ठेवून पेट्या हाताने हलवणेच बरे. सांगाड्यासाठी जुन्या छत्रीच्या काड्या उत्तम, त्यांचा आकार मुळात पन्हळीचा असतो. कठड्यांना तांब्याची बारीक तार, जाड नळ्यांना सायकलचे स्पोक.

जमीन मात्र आपल्याकडची घेऊ नका. कापडछान काळी माती वावरासाठी छान, बंदराच्या जमिनीला नाही. तिथे राखाडी पेव्हर ब्लॉक, क्रेनच्या टायरखाली पांढुरक्या काँक्रीटच्या पट्ट्या आणि त्यावर सरळ काळे ओरखडे. पाणी निळे नाही, गढूळ राखाडी-तपकिरी. धक्का आणि जहाज यांच्या फटीत दिसेल तेवढेच करावे, रंगावर व्हार्निशचे तीन पातळ हात पुरतात. धक्क्याच्या कडेला रबरी फेंडर (जहाजाची धडक झेलणाऱ्या गाद्या) म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे चालतात. आणि पऱ्हाटीच्या काड्यांची झाडे कृपया नकोत.

शेवटची अडचण आपल्या उन्हाची. ग्लू गनने चिकटवलेले सांधे टिनाच्या खोलीत मे महिन्यात सुटतात. लाकूड-कागदाला फेव्हिकॉल आणि वर खिळा किंवा स्क्रू. थ्रीडी प्रिंटरच्या पीएलए प्लास्टिकच्या क्रेन पन्नास-साठ अंशांना वाकतात, बंद गाडीत तर हमखास. रूळ मीटरभर अंतरावर अर्धा-एक मिमी मोकळा सोडावा, नाहीतर उन्हाळ्यात तो बाजूला फुगतो. फळी जमिनीला किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवली तर वाळवी पोचते. प्रदर्शनाला न्यायची असेल तर ती १२२० मिमीवर कापून दोन भाग करावेत, म्हणजे ऑटोत मावते. त्या जोडावर दोन्ही कडांना पितळी स्क्रू ठोकून रूळ त्यांनाच डाख द्यावा. नुसत्या स्लीपरला धरून ठेवलेले टोक पहिल्याच धक्क्याला वाकते.

आपले,
रेल्वे मॉडेलच्या छंदातले काही वाचक
दारव्हा, जि. यवतमाळ