पाणी कोमट होते, तरी कोळंब्या का मेल्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत थंडीत पाळीव प्राण्यांची काळजी कशी घ्यावी यावर लेख आला होता. त्यात माशांच्या टाकीबद्दल चारच ओळी होत्या. पाणी बदलताना नळाचे गार पाणी थेट ओतू नये, गिझरचे गरम पाणी मिसळून कोमट करून घालावे, असा सल्ला होता. त्यातला पहिला अर्धा भाग अगदी बरोबर आहे. दुसऱ्या भागाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण नेमके तेच मी मागच्या जानेवारीत केले होते.

आम्ही नाशिकला राहतो. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की आमच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणीही हात बधिर करते. बैठकीच्या खोलीत नातवाची तीन फुटी काचेची टाकी आहे, साधारण शंभर लिटरची. त्यात गप्पी, निऑन टेट्रा, दोन पिवळ्या गोगलगायी आणि वीसेक लाल चेरी श्रिंप. नातू त्यांना कोळंब्याच म्हणतो. मासे दुकानातून आयते आणलेले, पण कोळंब्यांची पिल्ले याच टाकीत झालेली, म्हणून त्याचा जीव त्यांच्यावर जास्त.

गावी लग्न होते. चार दिवसांनी परत आलो तर काचेवर हिरवा थर चढलेला. मी पंचवीस लिटर पाणी काढले. न्हाणीघरातला गॅस गिझर चालू केला, नळातून आलेली पहिली गरम धार तशीच बादलीत घेतली आणि वर गार पाणी घातले. थर्मामीटर 26 अंश दाखवत होता, टाकीतही 26 होते. अँटी-क्लोरीनचे थेंब मोजून टाकले. यात कुठे घाई नव्हती की हयगय नव्हती.

संध्याकाळी एक गोगलगाय कवचाचे दार लावून तळाशी पडली होती. दुसरी काच चढून पाण्याच्या वर येऊन बसली होती. कोळंब्या आधी सैरावैरा धावत होत्या, मग एकेक कुशीवर कलंडू लागली. सकाळी मी सतरा बाहेर काढल्या. मासे मात्र होते. थोडे मलूल होते, पण दुसऱ्या दिवशी खायला आले.

नातवाने विचारले, "आजी, पाणी तर कोमट होतं ना?" थर्मामीटर त्यानेच धरला होता. त्याच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

मी एकतीस वर्षे एका माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. उत्तर हाती नसले की एकेक शक्यता खोडत जायची, ही सवय तिथलीच. तापमान जुळले होते. क्लोरीनचा बंदोबस्त केला होता. माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारा अमोनिया वाढला असता तर माशांनीही तोंड वर काढले असते. मग मासे वाचतात, पण कोळंबी आणि गोगलगाय मरते, असे पाण्यात काय असू शकते? माझे माहेर द्राक्षबागायतदारांचे. डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगासाठी बागेत बोर्डो फवारतात, म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. तो बुरशी मारतो, शेवाळ मारतो आणि गोगलगायीही मारतो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांतही तांबे असते आणि अशा बाटलीवर कोळंबी, गोगलगाय असेल तर वापरू नका असे छापलेले असते.

मेकॅनिकला बोलावून गिझर उघडायला लावला. आत ज्योतीच्या वर तांब्याची नळी आणि तांब्याचेच पातळ पत्रे. त्या नळीत चार दिवस पाणी मुरत पडले होते आणि तेच मी पहिल्या धारेला बादलीत घेतले होते. खात्री करायची म्हणून तांबे तपासण्याचे किट मागवले. गिझर रात्रभर बंद ठेवून सकाळच्या पहिल्या मगातले पाणी तपासले तर रंग चढला. दोन मिनिटे वाहू दिल्यावर फिका झाला. स्वयंपाकघरातल्या गार पाण्याला रंगच आला नाही.

धातू गार पाण्यापेक्षा गरम पाण्यात लवकर उतरतो, आणि पाणी जितका वेळ धातूला चिकटून उभे राहील तितका जास्त उतरतो. पाणी मृदू असेल तर तांबे जलचरांना अधिक बाधते. विजेच्या गिझरची टाकी स्टीलची किंवा आतून काचेचा थर दिलेली असली तरी कॉइल आणि पितळी जोड असतातच. गच्चीवरच्या सोलरमध्ये सपाट पट्ट्यांचा प्रकार असेल तर त्यातही तांब्याच्या नळ्या असतात. आंघोळीच्या बादलीत सोडतो तो हीटरही नको. त्याची नळी बहुधा तांब्याचीच असते आणि जुन्या हीटरवरचा मुलामा उडालेला असतो.

हे मी शेजारी सांगितले तर सगळ्यांचा एकच प्रश्न: तांब्याच्या भांड्यातले पाणी तर आरोग्याला चांगले, मग माशांना वाईट कसे? आमच्या आजीच्या घरी तांब्याचा बंब होता, मी स्वतः रात्री तांब्याच्या लोट्यात पाणी भरून सकाळी पिते, त्यामुळे हा प्रश्न मला अगदी जवळचा वाटतो. पण आपण पेला-दोन पेले पितो आणि जास्तीचे तांबे आपले यकृत बाहेर टाकते. कोळंबी त्याच पाण्यात चोवीस तास राहते, त्यातूनच कल्ल्यांनी श्वास घेते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालते. माणसासाठी हे ठीक. कोळंबी 1.5 च्या कितीतरी खालीच दगावते. खरे तर कोळंबी आणि गोगलगाय यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्याचेच असते, आपल्या रक्तात लोह असते तसे. म्हणजे कणभर तांबे त्यांना लागतेच. ते जरा जास्त झाले की मात्र जीव जातो.

अँटी-क्लोरीनवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी हेही सांगायला हवे. साधे अँटी-क्लोरीन म्हणजे हायपो, सोडियम थायोसल्फेट. आम्ही ते आयोडीनच्या अनुमापनाला वापरायचो. ते क्लोरीनला आवरते, तांब्याला हात लावत नाही. जड धातूंवर चालणारे द्रावण वेगळे असते, बाटलीवर तसे लिहिलेले असेल तरच समजावे. पाणी रात्रभर उघडे ठेवले तर क्लोरीन बरेचसे उडून जाते, तांबे तिथेच राहते. उकळूनही जात नाही, उलट वाफ गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते.

गिझरचे पाणी मिसळणाऱ्या प्रत्येकाचे मासे मरतात, असे मला म्हणायचे नाही. कित्येकांकडे वर्षानुवर्षे तेच चालते आणि गप्पी, मॉली ठणठणीत असतात. गिझर रोज वापरात असेल, पहिली धार सोडून दिली असेल, टाकीत नुसते मासे असतील, तर सहसा काही दिसत नाही. पण आज टाकीत कोळंबी आणि गोगलगायी हौसेने ठेवणारी मुले खूप आहेत. आपला लेख ती मुले वाचतात.

आता मी काय करते ते सांगते. थंडीत एका वेळी पंचवीसऐवजी बारा-पंधरा लिटरच पाणी बदलते. ते आदल्या रात्री साबण न लागलेल्या बादलीत भरून घरात ठेवते. सकाळी त्यातले दोन लिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात गॅसवर उकळते आणि परत बादलीत ओतते, टाकीत थेट कधीच नाही. बादलीतले पाणी 15 अंशांवर असेल तर तेरा लिटरमध्ये उकळते दोन लिटर मिसळल्यावर ते 26 च्या जवळ येते. हाताने अंदाज घेऊ नये, थंडीत गारठलेल्या हाताला 22 अंशही कोमट वाटतात. थर्मामीटरने टाकीच्या एक-दोन अंशांत आले की हवेचा दगड (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र खडा) सोडून तासभर ठेवते, कारण गार पाणी झटकन तापवले की त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, आणि ती माशांच्या कल्ल्यांवर जमण्यापेक्षा बादलीतच गेलेली बरी. मग मगाने हळूहळू ओतते.

गार पाणी तसेच घालावे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. अचानक गारठा बसला की टेट्रांवर पांढरे ठिपके येतात, तेही मी भोगले आहे.

उन्हाळ्यात प्रकार उलटा होतो. एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून 'गार' नळाला येणारे पाणी मी मोजले, 41 अंश भरले. त्यात तांबे नव्हते, पण इतक्या तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी असतो. 26 अंशांना लिटरमध्ये सुमारे 8 मिलिग्रॅम मावतो, 40 ला साडेसहाच्या आत. म्हणून उन्हाळ्यात पाणी पहाटेच भरून ठेवावे.

त्या दिवशी आम्ही निम्मे पाणी काढून साठवलेले पाणी भरले आणि फिल्टरमध्ये नवा कार्बन घातला. काचेवर चढलेली गोगलगाय वाचली, तीन कोळंब्या वाचल्या. त्यांची पिल्ले आता टाकीत फिरत आहेत.

आपल्याला विनंती आहे की येत्या रविवारी त्याच जागी दोन ओळींची दुरुस्ती छापावी: गिझरचे नको, गॅसवर स्टीलच्या भांड्यात तापवलेले पाणी वापरा. संक्रांत अजून लांब आहे, आणि तोवर पुष्कळ घरांत टाकीचे पाणी दोन-तीनदा बदलले जाईल.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, नाशिक